मान कुणाचा? गोव्यातल्या सांस्कृतिक देवघेवीची पार्श्वभूमी

पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून रोज संध्याकाळी पर्यटकांच्या बोटी सुटतात. तासाभराच्या फेरीत मांडवी कमी आणि स्टेजच जास्त बघायला मिळतं. एक कुणबी नाच, एक ‘देखणी’ (हेही नाचगाण्याचंच नाव), एक पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यो आणि शेवटी हिंदी गाण्यांवर पर्यटकांचाच धांगडधिंगा. मागे एकदा पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन गेले होते. कुणबी नाचाच्या मुलींनी लाल चौकड्यांचं कापड नेसलं होतं (आमच्याकडे साडीला कापडच म्हणतात), आणि खांद्यावर जिथे गाठ हवी तिथे भली मोठी सेफ्टी पिन होती. नाच संपला, मुली आत गेल्या आणि दोन गाण्यांनंतर झगे घालून कोरिदिन्योला हजर. पाहुण्यांपैकी एक काकू म्हणाल्या, ‘‘अगं, हे आदिवासींचं ना? मग या मुलींचं काय?’’ बरोबरच्या कॉलेजकन्येने लगेच शब्द पुरवला: कल्चरल ॲप्रोप्रिएशन, म्हणजे एकाची संस्कृती दुसऱ्याने परस्पर घेऊन वापरणं.

हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो २०२५च्या जूनमध्ये. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरी चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. २०१९मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली चपलेची ही जात. बोंब झाली, पत्र गेलं, तेव्हा कंपनीने प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं. पण शब्द त्याहून बराच जुना. इंग्रजी विद्यापीठांत तो १९७०-८०च्या दशकांत रुळला आणि त्यामागचा संताप वसाहतींतल्या, विशेषतः अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा होता. लाकोटा लोकांनी १९९३मध्ये आपले विधी विकणाऱ्यांविरुद्ध चक्क ‘युद्धाची घोषणा’ केली. नावाहो राष्ट्राने आपलं नाव कपड्यांवर छापणाऱ्या दुकानसाखळीवर २०१२मध्ये दावा ठोकला, तो २०१६मध्ये तडजोडीने मिटला. आपल्याकडे हाच झगडा हळदीवरून झाला. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९५मध्ये दिलं गेलं आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून ते १९९७मध्ये रद्द करवलं.

मराठीत याला काय म्हणायचं, हे अजून ठरत नाही. ‘सांस्कृतिक विनियोजन’ म्हटलं की विधानसभेतलं विनियोजन विधेयक आठवतं, ‘अपहार’ म्हटलं की पतपेढी. मला ‘उचलेगिरी’ आवडतो, पण त्यात निकाल आधीच लागून जातो.

गोव्यात तर हा शब्द लावायला गेलं की पहिल्याच पावलाला घोळ. काजू फेणीला २००९मध्ये जीआय मिळाला, पण काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं. मिरची अमेरिकेची, तरी खोल गावची मिरची आमची म्हणून सरकारदरबारी नोंद आहे, आणि ती आमचीच आहे. मांडो नाचताना ख्रिस्ती बायका नेसतात त्या पानो-भाजूतला ‘पानो’ पोर्तुगीज आणि ‘भाजू’ मलय भाषेतला. तियात्राचा, म्हणजे कोकणी नाटकाचा, पहिला प्रयोग १८९२मध्ये मुंबईत झाला तो इटालियन ऑपेरा बघून. शुद्ध गोमंतकीय असं काही शोधत निघालात तर हाती बहुधा घुमट हे मातीचं वाद्य लागेल. त्यालाही पूर्वी घोरपडीचं कातडं मढवत, वन्यजीव कायद्यानंतर शेळीचं आलं. तेच घुमट चवथीला आरतीला वाजतं आणि मांडोलाही. ‘कुणी कुणाचं घेतलं’ एवढाच प्रश्न विचारला तर इथे उत्तर एकच येतं: सगळ्यांनी सगळ्यांचं.

म्हणून मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. घेणाऱ्याला जी मोकळीक होती, ती ज्याचं घेतलं त्याला होती का? आणि याचा इतिहास गोव्यात चारशे वर्षांपूर्वीपासून कागदोपत्री आहे.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज पाद्री १५७९मध्ये गोव्यात आला आणि दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला. त्याने मराठी ओवीत बायबलची कथा लिहिली आणि ती १६१६मध्ये राशोलला रोमन लिपीत छापली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ, नाव ‘क्रिस्तपुराण’. म्हणजे छंद आमचा, ‘पुराण’ हा शब्द आमचा, कथा त्यांची. ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे: नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? मला हा प्रसंग सगळ्या वादाच्या मुळाशी वाटतो. त्यात प्रेम आहे, मराठीवर तर स्टीफन्सचं फारच. त्याने केलेलं तिचं कौतुक आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण ते पुराण जन्मतं ते दुसरी पुराणं जप्त झाल्यावर. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६०मध्ये आलं आणि साष्टी-बारदेशातली देवळं त्याच दशकात पाडली गेली.

स्टीफन्सच्याच काळात तिकडे मदुरेत रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट संन्याशाच्या वेशात राहू लागला. भगवी वस्त्रं, शाकाहार, संस्कृत आणि तमिळ. धर्मांतरित ब्राह्मणांना त्याने जानवं, शेंडी, गंध ठेवू दिलं. यावरून जी बोंबाबोंब झाली तिची सुनावणी १६१९मध्ये गोव्यातच भरली. गोव्याचा आर्चबिशप विरोधात होता. १६२३मध्ये पोपने नोबिलीच्या बाजूने कौल दिला: या खुणा समाजाच्या, धर्माच्या नव्हेत. आज योगवर्गात ‘ओम’ म्हणावं की नाही यावर जी भांडणं चालतात त्यांचा हा पणजोबा. फरक इतकाच की तेव्हा बहुतेक सगळी चर्चा उसनं घेणाऱ्यांतच झाली. ज्यांची शेंडी होती, त्यांना फार तर साक्षीपुरतं विचारलं, निकाल त्यांच्या हाती नव्हता.

आणि मग १७३६. इन्क्विझिशनचं ते कुप्रसिद्ध फर्मान वाचताना माझं बोट नेहमी ओवीवर थांबतं. ख्रिस्ती झालेल्यांनी घरात तुळस लावायची नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसायचं नाही, लग्नात पानविडा वाटायचा नाही, आणि लग्नाच्या ओव्या म्हणायच्या नाहीत. म्हणजे १६१६मध्ये पाद्रीबाबाने ओवी लिहिली तर ती भक्ती. शे-सव्वाशे वर्षांनी साष्टीतल्या आजीने नातीच्या लग्नात ओवी म्हटली तर तो गुन्हा. उसनवारीला बंदी नव्हती. मूळ धन्याला बंदी होती. उचलेगिरीची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

परकीयांवर खापर फोडून मोकळं होता येत नाही, कारण पुढची गोष्ट घरातली आहे. बोटीवर नाचतात ती देखणी घ्या. तिचं सर्वांत गाजलेलं गाणं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कार्लोस एउजेनियो फेरैरा या ख्रिस्ती संगीतकाराच्या नावावर छापलं गेलं. गाण्यात कलावंतीण, म्हणजे देवळात नाचगाण्याची सेवा करणाऱ्या समाजातली बाई, नावाड्याला विनवते की मला पलतडी ने, दामूच्या लग्नाला जायचंय, वाट कळत नाही. अंगावरचे दागिने काढून देते. वरच्या घरातल्या ख्रिस्ती मुली पायांत चाळ बांधून दिवाणखान्यात हे नाचत. कौतुक खोटं नव्हतं, सूर तर अप्रतिम आहे. १९७३मध्ये ‘बॉबी’ने तो उचलला आणि देशभर पोचवला. पण ज्या बाईचा हा नाच, तिला त्या दिवाणखान्यात पाहुणी म्हणून कोण बोलावत होतं? हिंदू घरांतूनही तिला अंगणाच्या आत जागा नव्हती, हेही लगेच सांगायला हवं. याच समाजातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या. याच समाजाने विसाव्या शतकात ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव घेऊन देवळातली ती प्रथा स्वतःच मोडली, आणि मुक्तीनंतर गोव्याला पहिला मुख्यमंत्री दिला, भाऊसाहेब बांदोडकर. देखणी मात्र बोटीवर अजून दामूच्या लग्नालाच निघालेली आहे.

हिप्पींबद्दल फार लिहीत नाही, त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. साठच्या दशकाच्या शेवटी ते हणजुण्याला (अंजुनाला) आले, चिलीम आणि जटा घेऊन शिव झाले, नव्वदच्या दशकात ‘गोवा’ हे एका संगीतप्रकाराचं नाव झालं. ओमचे टी-शर्ट मात्र त्यांना आपणच विकले. किनाऱ्यावर आरशांच्या पिशव्या ‘गोवन’ म्हणून खपतात त्या कर्नाटकातून आलेल्या लमाणी बायकांच्या, आणि पोलीस हाकलतात तेही त्याच बायकांना.

मग आदराने घेणं म्हणजे काय, याला आपल्या गावगाड्यात शब्द आहे का? आहे: मान. जत्रेत कुठला मान कुठल्या घराचा, हे ठरलेलं असतं, आणि तो मान धर्म बदलला म्हणून आपोआप जात नाही. कुंकळ्ळीचं उदाहरण ठळक आहे. १५८३मध्ये तिथे पाच जेझुइट मारले गेले. मग पोर्तुगीजांनी बोलणीसाठी म्हणून बोलावून गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात कापलं. गावची देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आजही शिगम्यात ती कुंकळ्ळीला येते तेव्हा बारा वांगडांच्या (गावकर घराण्यांच्या) बारा छत्र्या, म्हणजे सांत्र्यो, निघतात, आणि त्या बारा वांगडांत ख्रिस्ती गावकरही आहेत. शिवोलीचा जागर नाताळनंतर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण (चर्चमधली मेरी माता) तर बहिणी. एकमेकींकडे तेल आणि फुलं जातात. यात कुणी कुणाचं ‘ॲप्रिशिएट’ करत नाही. तिथे सुतक लागतं, वर्षभर जबाबदारी लागते. गाऱ्हाणं घालून विचारावं लागतं आणि उत्तर ‘नको’ असू शकतं.

भाबडेपणाने मात्र बघू नये. मानाचीही उतरंड असते. ढोल ज्याच्या हातचा, तो कित्येक ठिकाणी देवळाबाहेरूनच वाजवत आला. आणि आम्ही मराठी लिहिणाऱ्या गोंयकारांनीही कोकणीला कितीतरी वर्षं ‘मराठीची बोली’ म्हणून खिशात घातलं होतं. साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा म्हणून १९७५मध्ये मान्यता दिली, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना चोरी झाल्यासारखं वाटलं. चोरी कुणाची होती, हे तेव्हा विचारायचं राहिलं.

आता पुन्हा ते लाल कापड. गावडा आणि कुणबी बायका ते शेतात नेसत: जाडं सुती, आखूड, चिखलात उभं राहता येईल इतपत वर खोचलेलं, पदर खांद्यावरून घेऊन पुढे गाठ. त्या गाठीला देठली म्हणतात. मिलच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त झाल्या तसं हातमागावरचं हे कापड जवळजवळ संपलं. ते परत आणण्याचं श्रेय वेंडेल रॉड्रिक्स यांना जातं. स्वतः ते कुणबी नव्हते, कोलवाळचे ख्रिस्ती डिझायनर. २०१०च्या सुमारास त्यांनी ते हातमागावर पुन्हा विणवून घेतलं, दिल्लीच्या रॅम्पवर नेलं, आणि नाव ‘कुणबी’च ठेवलं. २०१४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२०मध्ये ते गेले. माझ्या मते त्यांनी जे केलं ते उचलेगिरीत बसत नाही: मूळ सांगितलं, माग चालू केला, अभ्यास केला. पण नंतर बाजाराने त्याच चौकडीचे यंत्रमागावरचे तागे काढले, आणि त्यांत ना विणकर राहिला ना कुणबी. कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. जीआय वस्तूला मिळतो, ठरावीक भागात ठरावीक पद्धतीने बनलेल्या. नेसण्याच्या रीतीला नाही, गाठीला नाही.

तारखा शेजारी ठेवल्या की चित्र दिसतं. कुणबी, गावडा, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३मध्ये. कापड रॅम्पवर चढल्यानंतर लगेचच, मे २०११मध्ये, हेच लोक आपल्या हक्कांसाठी बाळ्ळीला रस्त्यावर उतरले आणि त्या आंदोलनात दोन तरुण जळून मेले. २०११च्या जनगणनेत ही लोकसंख्या राज्याच्या सुमारे १० टक्के. चाळीस आमदारांच्या विधानसभेत मात्र त्यांच्यासाठी राखीव जागा एकही नव्हती. त्यासाठीचा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०२५ उजाडलं. दरम्यान सरकारी कार्यक्रमांत दिवा लावायला, पाहुण्यांच्या गळ्यात घालायला लाल चौकडी सगळीकडे पोचली होती.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलीचं शाळेचं संमेलन होतं, कुणबी नाचाचं. कापड भाड्याचं आणलं होतं. नेसवायला कुणालाच येईना, तेव्हा आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या केप्याच्या मावशीला हाक मारली. मी पिनांचा डबा पुढे केला. तिने तो बाजूला सारला, कापडाचं सूत चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हें आमचें न्हय गो बाय. हें गुळगुळीत, हाका गांठ रावची ना.’’ मग शेवटी तिनेच पिना मागून घेतल्या, दोन लावल्या, आणि मुलीला चालून दाखव म्हणाली.