बालकांसाठी नवी औषधे

नव्याने मंजूर झालेले औषध लहान मुलांना चालेल का, हे निव्वळ मंजुरीवरून ठरत नाही. मंजुरी मिळते ती ठरावीक आजाराला, मात्रेला आणि वयोगटाला. चाचण्या बहुधा आधी प्रौढांवर होतात. म्हणून कित्येक नव्या औषधांच्या माहितीपत्रकात ‘१८ वर्षांखालील रुग्णांत सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ अशा अर्थाची ओळ असते. भारतात २०१९ च्या नियमांनुसार मंजुरीपासून चार वर्षे औषध ‘नवे’ गणले जाते.

वजनाच्या हिशेबाने मात्रा कमी केली की झाले, हा समज घातक आहे. नवजात बाळाच्या यकृताला क्लोरँफेनिकॉल या प्रतिजैविकाचा निचरा नीट करता येत नाही. बाळे राखाडी पडून दगावतात ती या औषधामुळे, हे १९५९ मध्ये उघड झाले. उलट एक-दोन वर्षांची मुले काही औषधे मोठ्यांपेक्षा झपाट्याने शरीराबाहेर टाकतात, म्हणून त्यांना किलोमागे जास्त मात्रा लागते. निमेसुलाइड तर आपल्याकडे वर्षानुवर्षे मुलांच्या तापावर दिले जात होते. १२ वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली ती २०११ मध्ये.

पण मुलांना नवे औषध न देणे हाही बिनधोक मार्ग नव्हे. प्रतिरोधी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनला अमेरिकेत प्रौढांसाठी २०१२ मध्ये मंजुरी मिळाली, पाच वर्षांवरील मुलांसाठी मात्र २०२० मध्ये. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील हायड्रॉक्सियुरियाला तिथे हेच अंतर कापायला १९९८ ते २०१७ इतका काळ लागला. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल हा ओळखीचा आजार आहे. १२ किलो वजनाच्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले, तर रोज १८० मिलिग्रॅम लागतात. सर्रास मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. ती घरी फोडून पुड्या बांधणे धोक्याचे, कारण हे औषध पेशींवर परिणाम करणारे आहे आणि भुकटी हाताला, श्वासाला लागू देऊ नये. मुलाच्या मापाचे औषध नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या घाऊक बाजारापासून गावातल्या मेडिकलपर्यंत पोहोचणे हा मंजुरीइतकाच मोलाचा टप्पा आहे.

मुलांवरील चाचणीसाठी पालकांची लेखी संमती लागते. त्याशिवाय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. सुरगाण्यातल्या मुलाला सगळे कोकणा बोलीत समजावून सांगितले, तरच त्या होकाराला अर्थ आहे.

नवे औषध लिहून दिले असेल, तर या वयासाठी मंजुरी आहे का, नसल्यास कोणत्या अनुभवावर ते दिले जात आहे, हे डॉक्टरांना विचारणे हा पालकांचा हक्क आहे. अंगावर पुरळ, सुस्ती, लघवी कमी होणे असे काही दिसले तर मुलाला लगेच दाखवावे; दुष्परिणामाची नोंद औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर पालकांनाही करता येते.