फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल! (रेट्रो गेमचा पीसी नेलेल्यांसाठी)

पीसी घरी नेला की आठवड्याभरात फोन येतो, "अहो चालू तर होतोय पण गेम सगळे गायब." आम्ही एकच विचारतो, पेनड्राईव्ह लावून विंडोज चालू केलं होतं का, आणि फॉरमॅटला ओके म्हणालात का? मग पलीकडून जरा वेळ आवाजच येत नाही.

तर नीट सांगतो. बॅटोसेरा (जुने गेम चालवणारी लिनक्सवरची सिस्टीम) आम्ही १२८ जीबीच्या वेगळ्या पेनड्राईव्हवर टाकून देतो, आतल्या एसएसडीला हात लावत नाही, कारण निम्मे लोक घरचाच जुना पीसी आणतात आणि त्यात टॅली असतं, मुलांचे प्रोजेक्ट असतात, ते उडालं तर शिव्या आम्हालाच. या पेनड्राईव्हचे दोन भाग आहेत. छोटा विंडोजला दिसतो. मोठा, ज्यात तुमचे गेम, बायोस (जुन्या मशीनची मूळ फाईल, काही गेमना ती लागतेच) आणि सेव्ह असतात, तो लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा आहे आणि विंडोजला तो वाचताच येत नाही. वाचता येत नाही म्हणून ते "डिस्क फॉरमॅट करा" म्हणतं. पेनड्राईव्ह खराब झालेला नसतो! तिथे कॅन्सल करायचं, बास. ओके केलंत की मुलाने महिनाभर खेळून केलेले सेव्ह गेले, ते आमच्याकडूनही परत येत नाहीत. बॅटोसेरा नव्याने टाकून द्यायचे ३०० रुपये घेतो, वॉरंटीत बसत नाही, कारण एका पेनड्राईव्हमागे आमचा तास-दीड तास जातो.

मग गेम टाकायचे कसे? पेनड्राईव्ह काढायचाच नाही. पीसी बॅटोसेरात चालू ठेवा, लॅपटॉप त्याच वायफायवर घ्या, फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि पुढे इंग्रजीत बॅटोसेरा टाईप करून एंटर मारा, फोल्डर उघडतो. त्यातल्या रोम्स नावाच्या फोल्डरमध्ये ज्या त्या मशीनच्या फोल्डरात गेम टाका, मग मेनू, गेम सेटिंग्ज, अपडेट गेमलिस्ट्स. वायफाय नसेल तर दुसऱ्या साध्या पेनड्राईव्हवर गेम आणा, कीबोर्डवर एफ१ दाबा, फाईल मॅनेजर येतो, तिथून कॉपी करा.

आर्केडच्या (पार्लरमधल्या मशीनच्या) गेमच्या झिप फाईल उघडायच्या नाहीत आणि नावही बदलायचं नाही. लोक हौसेने "मुस्तफा" असं नाव देतात (कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, १९९३, आपल्याकडे त्याला दुसरं नावच नाही), पण एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून गेम चालवणारा प्रोग्रॅम) त्या झिपला डिनो या नावानेच ओळखतो. तुमचं नाव दिलंत की तो म्हणणार गेमच नाही.

"तुम्ही गेम भरून का नाही देत, बाकीचे दहा हजार गेम फुकट देतात" हे रोज ऐकतो. गेम कंपन्यांचे आहेत, प्लेस्टेशनचा बायोससुद्धा, ते विकायचा आम्हाला हक्क नाही. बॅटोसेरासोबत थोडे मोफत गेम येतातच, कंट्रोलर सेट झालाय का ते त्यावर बघता येतं. आणि खरं सांगू का, दहा हजारातले खेळणार पंधरा, त्यातला एक काँट्रा.

ग्राफिक्स कार्ड घ्या असंही आम्ही म्हणत नाही, विकून दोन पैसे मिळाले असते तरी. सहाव्या पिढीचा आय५, म्हणजे ऑफिसातून निघालेला ६५००टीवाला छोटा डबा, ८ जीबी रॅम, यावर कॅसेटवाले गेम, आर्केड, पहिला प्लेस्टेशन आरामात चालतात आणि प्रोसेसर ३५ वॅटचा आहे त्यामुळे बिलाचीही काळजी नाही. प्लेस्टेशन २ चे काही चालतील, काही अडखळतील. सगळेच हवे असतील तर आधी बोला, वेगळी मशीन सुचवतो.

बंद करताना मेनू, क्विट, शटडाऊन. थेट स्विच बंद नको.

महिन्यातून एकदा सेव्हजचा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा. कंटाळा असेल तर आमच्याकडे पेनड्राईव्हची दुसरी प्रत करून मिळते, नवीन पेनड्राईव्ह तुम्ही आणलात तर फक्त १५० रुपये. आणि फॉरमॅटवर चुकून ओके झालंच असेल तर घरी काही करत बसू नका, तसाच घेऊन या, येताना कंट्रोलरही आणा.