बेसबॉलचे प्रशिक्षण आणि सुवार्तेचे काम : एका जोडकामाची पार्श्वभूमी

परदेशातील एखाद्या गावी काही आठवडे मुक्काम करून मुलांना बेसबॉल शिकवायचा आणि त्याच मुक्कामात ख्रिस्ती सुवार्तेचे, म्हणजे येशूच्या संदेशाच्या प्रसाराचे, कामही करायचे, ही पद्धत अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) आता रुळलेली आहे. सकाळी फेक, झेल आणि फलंदाजीचा सराव, मधल्या विश्रांतीत बायबलमधील एखादी गोष्ट किंवा प्रशिक्षकाची स्वतःच्या श्रद्धेविषयीची साक्ष, त्यानंतर सामना आणि शेवटी प्रार्थना, असा दिवसाचा क्रम बहुधा असतो. हे अलीकडच्या काळातील प्रचारतंत्र आहे असे तिचे समर्थकही मानतात आणि टीकाकारही. वस्तुतः तिच्या मागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. खेळामुळे धर्म पसरेल ही एका बाजूची आशा आणि दुसऱ्या बाजूची भीती, या दोहोंना त्या इतिहासात फारसा आधार सापडत नाही.

मुळात प्रोटेस्टंट धर्मपरंपरेत खेळाविषयी संशयच अधिक होता. शरीराचे लाड, वेळेचा अपव्यय, पैजा आणि दारू यांच्याशी खेळाचे नाते जोडले जाई, आणि रविवारी खेळणे तर उघड पाप समजले जाई. हा संशय सैल होण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये झाली. सुदृढ शरीर, संयम, सांघिक शिस्त आणि धैर्य हे ख्रिस्ती चारित्र्याचेच भाग आहेत, असे मांडणारा एक विचारप्रवाह 1850 च्या दशकात तेथे रूढ झाला. त्या विचाराला संस्थेचे रूप मिळाले ते वायएमसीएमुळे (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, तरुणांची ख्रिस्ती संस्था). 1844 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली ही संस्था 1851 मध्ये बोस्टनला पोहोचली. पुढे ल्यूथर गुलिक यांनी शरीर, मन आणि आत्मा अशा तीन बाजूंच्या त्रिकोणाची कल्पना तिच्या कार्यात रुजवली. मॅसेच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील तिच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ यांनी 1891 मध्ये बास्केटबॉलचा शोध लावला, तर 1895 मध्ये जवळच्याच होलिओक येथील वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल तयार केला. बेसबॉल मात्र या संस्थेने निर्माण केलेला नव्हता. तो आधीच लोकप्रिय होता, व्यावसायिक होता आणि सट्ट्याने डागाळलेलाही होता, त्यामुळे धर्मकार्यात त्याला जागा देणे तुलनेने अवघड होते.

ही अडचण बिली संडे यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. 1883 पासून शिकागो, पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया या संघांकडून खेळलेला हा वेगवान धावपटू शिकागोतील पॅसिफिक गार्डन मिशनमध्ये श्रद्धेकडे वळला आणि त्याने रविवारी खेळायचे सोडले. 1891 मध्ये त्यांनी बेसबॉलच सोडला आणि कमी पगाराचे वायएमसीएचे काम पत्करले. पुढे ते त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध अमेरिकन सुवार्तिक झाले. व्यासपीठावर धावणे, घसरणे, फेकीचा आविर्भाव करणे ही त्यांच्या प्रवचनाची शैली होती. तरीही सेवेसाठी मैदान सोडावेच लागते, हा त्यांच्या आयुष्यातून निघणारा संदेश होता. मैदानावर राहून सेवा करता येते हा विचार अमेरिकेत व्यापक होण्यास आणखी बराच काळ जायचा होता. पेनसिल्व्हेनियात रविवारचे व्यावसायिक सामने 1934 मध्ये कुठे कायदेशीरपणे सुरू झाले.

अमेरिकेबाहेरच्या समाजांच्या बाबतीत मात्र खेळ आणि धर्म यांची गाठ त्याआधीच पडली होती, आणि तीही शाळांमधून. या बाबतीत चीनचे उदाहरण बोलके आहे. 1872 पासून चिनी सरकारने 120 मुले शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवली. त्यांचे मुख्य केंद्र कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे होते. मुलांनी बेसबॉलचा संघ काढला, काही जण चर्चमध्ये जाऊ लागले, काहींनी चिनी राजनिष्ठेची खूण मानल्या जाणाऱ्या वेण्या कापल्या. ही मुले परकी होत चालली आहेत, अशी तक्रार पर्यवेक्षक अधिकाऱ्यांनी मायदेशी केली, आणि इतर राजकीय कारणांची भर पडून 1881 मध्ये सर्वांना परत बोलावण्यात आले. या मुलांना बेसबॉल कोणा मिशनरी प्रशिक्षकाने धर्मप्रसारासाठी शिकवला नव्हता. तरीही अधिकाऱ्यांच्या नजरेत खेळ आणि धर्म एकाच धोक्याची दोन रूपे होती. खेळ शिकवायला येणाऱ्या परदेशी माणसाबद्दल यजमान समाजाला वाटणारा संशय इतका जुना आहे.

जपानचा इतिहास अधिक सविस्तर पाहण्यासारखा आहे. तेथे बेसबॉल नेला तो होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने, 1872 मध्ये, टोकियोतील एका सरकारी विद्यालयात. म्हणजे सुरुवात मिशनऱ्यांनी केली नाही. पण काही वर्षांतच मिशनच्या शाळांचे संघ उभे राहिले आणि सरकारी शाळांशी त्यांची चुरस सुरू झाली. मे 1890 मध्ये टोकियोच्या पहिल्या उच्च शाळेचा, म्हणजे इचिकोचा, सामना प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेच्या मेइजी गाकुइन या संस्थेशी होता. सामना पाहण्यासाठी आलेले अमेरिकन मिशनरी विल्यम इंब्री कुंपण ओलांडून मैदानात शिरले. शाळेच्या आवाराचा हा अपमान आहे असे मानून चिडलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांना मारहाण केली, त्यांच्या चेहऱ्याला दुखापत झाली आणि सामना थांबवावा लागला. त्यानंतर इचिकोच्या विद्यार्थ्यांनी आपला सराव विलक्षण कडक केला. 23 मे 1896 रोजी त्यांनी योकोहामातील अमेरिकन संघाला 29 विरुद्ध 4 असे हरवले तेव्हा बेसबॉल हा जपान्यांच्या राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला. परक्यांकडून मिळालेली वस्तू परक्यांच्याच विरोधात सिद्ध करून आपली करायची, ही प्रक्रिया तेथे पूर्ण झाली. त्यात मिशनरी शिक्षकाच्या वाट्याला आली ती कुंपणाबाहेरून आलेल्या माणसाची भूमिका.

याच जपानात खेळ आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा खरा मेळ एका जपानी माणसाने घातला. 1865 मध्ये जन्मलेले इसो आबे हे क्योतोतील दोशिशा या ख्रिस्ती विद्यालयात शिकले, तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अमेरिकेत हार्टफर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. ते समाजवादी होते, शांततावादी होते आणि वासेदा विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे आधारस्तंभ होते. 1905 मध्ये, रशियाशी युद्ध चालू असतानाच, त्यांनी वासेदाच्या संघाला अमेरिकेच्या दौऱ्यावर नेले. जपानी बेसबॉलचे जनक म्हणून आजही त्यांचा गौरव होतो आणि जपानच्या बेसबॉल सन्मानगृहात 1959 च्या पहिल्याच यादीत त्यांचे नाव आहे. त्यांनी खेळाडूंपुढे धर्मांतराची अट ठेवली नाही. प्रतिस्पर्ध्याचा आदर आणि राष्ट्रांमधील मैत्री ही मूल्ये ते स्वतःच्या श्रद्धेतून मैदानावर आणत होते. या संपूर्ण इतिहासातील सर्वांत अनुकरणीय व्यक्ती माझ्या मते हीच आहे. होनोलुलूचे जपानी पाळक ताकिए ओकुमुरा यांनीही 1899 मध्ये ऊसमळ्यांवरील स्थलांतरितांच्या मुलांसाठी संघ काढला होता. तेथेही प्रशिक्षक आणि मुले एकाच समाजातील होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोरियात मात्र बेसबॉलची सुरुवातच मिशनरी कार्यातून झाली. 1901 मध्ये सोलला आलेले वायएमसीएचे फिलिप जिलेट यांनी 1904-05 च्या सुमारास तेथील तरुणांना हा खेळ शिकवला, आणि कोरियन बेसबॉलचा इतिहास त्या वर्षांपासूनच मोजला जातो. 1910 मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात जोडून घेतला आणि परिस्थिती पालटली. वायएमसीए हे कोरियन तरुणांना एकत्र जमता येईल अशा मोजक्या ठिकाणांपैकी एक उरले, त्यामुळे तेथील खेळालाही वेगळा अर्थ आला. 1911 पासून जपानी सत्तेने गव्हर्नर-जनरलच्या हत्येच्या कटाचा आरोप ठेवून अनेक कोरियन ख्रिस्ती कार्यकर्त्यांना पकडले, तेव्हा जिलेट यांनी त्यांच्या छळाची माहिती बाहेर पोहोचवली आणि परिणामी त्यांना कोरिया सोडावा लागला. खेळ शिकवायला आलेला माणूस ज्यांना शिकवतो त्यांच्या संकटात त्यांच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्ट कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी होती. 1912 मध्ये सोलच्या वायएमसीएचा संघ टोकियोत जाऊन जपानी संघांशी खेळला.

फिलिपाइन्सचे चित्र आणखी निराळे आहे. अमेरिकन राजवटीत तेथील शाळांमध्ये बेसबॉल जोराने पसरला. 1910 मध्ये मनिलाला आलेले वायएमसीएचे एलवूड ब्राउन यांनी खेळांची मोठी चळवळ उभारली आणि 1913 मध्ये चीन, जपान व फिलिपाइन्स यांच्यातील पूर्व आशियाई स्पर्धा भरवली. पण देश आधीच बहुसंख्य कॅथलिक होता, आणि पुढे लोकांनी बेसबॉलऐवजी बास्केटबॉलला आपलेसे केले.

हे तीन देश शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जपानमध्ये बेसबॉल राष्ट्रीय खेळ झाला, पण ख्रिस्ती लोकसंख्या आजही एक टक्क्याच्या आसपास आहे. दक्षिण कोरियात खेळही रुजला आणि सुमारे पाव लोकसंख्या ख्रिस्ती झाली, परंतु त्याची कारणे स्थानिक नेतृत्वाच्या मंडळ्या, 1907 चे प्याँगयाँगमधील धर्मजागरण आणि वसाहतवादाविरुद्धच्या लढ्यातील ख्रिस्ती लोकांचा सहभाग यांत शोधावी लागतात. फिलिपाइन्समध्ये धर्म आधीच होता आणि हा खेळ मागे पडला. खेळ आणि श्रद्धा यांचे मार्ग प्रत्येक ठिकाणी वेगळे झाले, आणि ते कोणत्या दिशेने जातील हे प्रशिक्षकाने नव्हे तर त्या समाजाने ठरवले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकांत वायएमसीएच्या कामातील धर्मप्रसाराचा भाग हळूहळू मागे पडला आणि ती मुख्यतः समाजसेवेची व व्यायामाची संस्था झाली. रिकामी झालेली जागा दुसऱ्या महायुद्धानंतर इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, संस्थांनी घेतली. 1954 मध्ये ओक्लाहोमातील प्रशिक्षक डॉन मॅक्लॅनन यांनी फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अॅथलीट्स ही ख्रिस्ती खेळाडूंची संघटना स्थापन केली. तिच्या उभारणीत बेसबॉल संघांचे संचालक ब्रँच रिकी यांची मोठी मदत झाली. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध करून बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारे हेच ते रिकी, आणि आईला दिलेल्या वचनामुळे रविवारच्या सामन्यांना न जाणारेही हेच. 1966 मध्ये अॅथलीट्स इन अॅक्शन ही अशीच संस्था निघाली. 1973 मध्ये डेट्रॉइटचे क्रीडापत्रकार वॉटसन स्पोल्स्ट्रा यांच्या पुढाकाराने बेसबॉल चॅपल सुरू झाले आणि व्यावसायिक संघांच्या रविवारच्या प्रार्थनेची मैदानावरच सोय झाली. बिली संडे यांना जो पेच सोडवता आला नव्हता तो येथे सुटला. 1980 मध्ये इंडियानातील विनोना लेक परिसरात अनलिमिटेड पोटेन्शियल ही संस्था सुरू झाली आणि तिने व्यावसायिक खेळाडूंना परदेशातील मुलांच्या शिबिरांसाठी नेण्याचे काम हाती घेतले. संडे यांचे घरही याच गावी होते.

यानंतरच्या विस्ताराला दोन घटना कारणीभूत झाल्या. 1989 ते 1991 या काळात साम्यवादी राजवटी आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपाची दारे उघडली, आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून बेसबॉल हा पदकांचा खेळ झाल्यामुळे अनेक देशांना प्रशिक्षकांची गरज भासू लागली. फुटबॉलला एक चेंडू पुरतो. बेसबॉलला ग्लोव्हज, बॅट, हेल्मेट आणि कॅचरचे संरक्षक साहित्य लागते, आणि हे सारे जेथे मिळत नाही तेथे ते घेऊन येणाऱ्याचे स्वागत होतेच. प्रशिक्षणाची संथ गतीही सोयीची ठरली, कारण आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसलेल्या मुलांशी बोलण्यास भरपूर वेळ मिळतो.

पण याच सोयींमुळे गंभीर प्रश्नही उभे राहतात. महागडे ग्लोव्हज देणारा, संघात कोणाला घ्यायचे हे ठरवणारा आणि प्रार्थनेला बोलावणारा माणूस एकच असेल, तर दहा वर्षांच्या मुलाला नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत उरते? बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय कराराचे चौदावे कलम मुलाचे धर्मस्वातंत्र्य आणि त्याला दिशा देण्याचा पालकांचा अधिकार, दोन्ही मान्य करते. ख्रिस्ती संस्थांनीही हा प्रश्न टाळलेला नाही. 2011 मध्ये व्हॅटिकनचे आंतरधर्मीय संवाद मंडळ, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून जी आचारतत्त्वे जाहीर केली, त्यांत सेवाकार्यातून लोकांच्या गरिबीचा गैरफायदा घेणे आणि आमिष दाखवणे स्पष्टपणे नाकारले आहे. खेळाच्या शिबिरांना हे तत्त्व काटेकोरपणे लागू व्हायला हवे. प्रशिक्षणाची वेळ आणि धर्मविषयक भेटीची वेळ वेगवेगळी असावी, पालकांची संमती आधी घ्यावी, आणि प्रार्थनेला न येणाऱ्या मुलाच्या संघातील जागेवर त्याचा काहीही परिणाम होऊ नये.

कायद्याची बाजूही याच काळात कडक झाली. रशियाने 2016 मध्ये मिशनरी कार्यावर निर्बंध आणले, तर चीनचे धर्मविषयक सुधारित नियम फेब्रुवारी 2018 पासून लागू झाले. अशा देशांत केवळ प्रशिक्षक म्हणून प्रवेश मिळवायचा आणि धर्मकार्य जमेल तसे करायचे, या मार्गाचे समर्थन करताना बायबलमधील प्रेषित पौलाच्या राहुट्या करण्याच्या व्यवसायाचा दाखला दिला जातो. मला तो दाखला पटत नाही. पौलाचा धंदा खरा होता आणि त्याचा उपदेश उघड होता. प्रशिक्षकपण हे जर केवळ आवरण असेल तर फसवणूक यजमान सरकारची होतेच, शिवाय विश्वासाने मैदानावर आलेल्या मुलांचीही होते, आणि पकडले गेल्यास त्याची किंमत परदेशी पाहुण्यापेक्षा स्थानिक ख्रिस्ती मंडळीला अधिक मोजावी लागते.

2008 नंतर बेसबॉल ऑलिंपिकमधून वगळला गेला आणि अनेक छोट्या देशांतील संघटनांना मिळणारा सरकारी पैसा आटला. अशा देशांत चर्चशी संबंधित स्वयंसेवकांवरचे अवलंबित्व वाढणे स्वाभाविक होते. 2021 मध्ये टोकियोत झालेल्या स्पर्धेपुरता खेळ परतला आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा समाविष्ट आहे. त्यामुळे या संघटनांना स्वतःचे प्रशिक्षक घडवण्याची संधी मिळू शकते. धर्मसंस्थांमार्फत येणाऱ्या प्रशिक्षकांशी कोणत्या अटींवर सहकार्य करायचे, साहित्य कोणाच्या ताब्यात राहील आणि मुलांची निवड कोण करील, हे त्यांनी आताच लेखी ठरवून घेणे आवश्यक आहे.