छातीवर निऱ्या असलेला मासा

“नदीत पाणी आहे ना? मग मासे राहणारच!” हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आज एका बोटभर माशाची गोष्ट सांगायलाच हवी. त्याचं नाव ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तो सह्याद्रीच्या उत्तर भागातला, मुळा-मुठेसारख्या कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांचा. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत, तो संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे.

ग्लिप्टोथोरॅक्स म्हणजे कोरीव छातीचा. मासा मिशावाला, बिनखवल्यांचा, सपाट पोटाचा. उलटा केला की पुढच्या दोन परांच्या मध्ये कातडीच्या बारीक निऱ्या दिसतात, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या एकीला लागून एक. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर काटेच काटे! प्रत्येक काटा एकाच पेशीचा, आपल्या नखात असतं त्या केराटिनचा. त्यांना अंक्युली म्हणतात. आपल्याला गुळगुळीत वाटणारा दगड एवढ्याशा काट्यांना खाचाखळग्यांचा असतो. ते त्यात अडकतात, घर्षण वाढतं. शिवाय निऱ्या दाबल्या की मधलं पाणी बाहेर जातं. मग छाती किंचित उचलली की तिथला दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी माशाला दगडावर दाबून धरतं, असं मानतात. त्यातच दगडाला खेटून वाहणारा पाण्याचा पातळ थर श्यानतेमुळे, म्हणजे पाण्याच्या चिकटपणामुळे, जवळजवळ थांबलेला असतो. हा सीमास्तर. मासा जितका चपटा, तितका तो या थराच्या आसऱ्याला आणि प्रवाहाचा रेटा तितका कमी.

ही सगळी करामत उघड्या दगडावर चालते. धरणामागे पाणी साचलं की खळाळ बुडतो, दगडांवर गाळ बसतो. वाळूउपशाने तळच उकरला जातो. सांडपाण्याने दगडांवर बुळबुळीत साय धरते. काटे आणि दगड यांची गाठच पडत नाही.

ग्रहदोष जावा म्हणून नदीत पिठाचे गोळे सोडणाऱ्यांना कळकळीने सांगतो, हा मासा दगडांवरच्या कीटकांच्या अळ्या खातो. पीठ कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन तेवढा खातं.

शहरातल्या पुलाखालच्या दगडावरून अंगठा फिरवून बघा, सुळकन घसरतो. मग घाटाजवळच्या खळाळात हात घालून तिथल्या दगडावर फिरवा. बोटाला लागते ती खरखर या माशाला हवी असते.