नंबर घालवणाऱ्या लेझरची पार्श्वभूमी

चष्म्याचा नंबर घालवायला गेलेल्या काही जणांना सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर सांगतात, 'तुमचं लेझर करता येणार नाही.' पैसे भरायची तयारी असताना नकार मिळाला की माणूस हिरमुसतो. या नकारामागे काही दशकांचा इतिहास आहे.

कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत जास्त वळतो तो इथेच. त्याची गोलाई जराशी बदलली की नंबर बदलतो. प्रश्न होता तो या नाजूक पडद्याला हात कसा लावायचा, हा.

जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी कॉर्नियाला आतूनही चिरा देऊन पाहिल्या. नंबर उतरला, पण कॉर्निया स्वच्छ ठेवणारा पेशींचा आतला थर दुखावला आणि काही वर्षांनी अनेकांचे डोळे धुरकटले. पुढे १९७०च्या दशकात मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. ती अमेरिकेत पोचली आणि लोकप्रिय झाली. तिथे १० वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर प्लसच्या दिशेने किमान १ डायॉप्टर (म्हणजे चष्म्याचा एक नंबर) सरकलेला निघाला.

मला सर्वांत धाडसी वाटतात ते कोलंबियातल्या बोगोटाचे होसे बाराकेर. ते कॉर्नियाची पातळ चकती कापून काढत, गोठवत, लेथवर घासून तिला हवा तो आकार देत आणि परत डोळ्यावर शिवत. विचार अचूक होता, पण हत्यार ओबडधोबड होतं.

नेमकं हत्यार आयबीएम या संगणक कंपनीच्या न्यूयॉर्क राज्यातल्या प्रयोगशाळेत सापडलं. २७ नोव्हेंबर १९८१, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन घरच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं हाड-कूर्चा घेऊन आले आणि त्यावर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर सोडला. खाच पडली ती काटेकोर, आजूबाजूला करपल्याची खूण नाही. तुलनेसाठी वापरलेल्या हिरव्या लेझरने मात्र जाळून ठेवलं. ही अतिनील किरणं रेणूंमधले बंध तोडतात आणि उष्णता शेजारी पसरण्याआधीच तिथला कण उडून जातो. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी यात डोळ्याचं काम ओळखलं, आणि १९८३ मध्ये कॉर्नियावरच्या प्रयोगांचा लेख आला.

सुरुवातीच्या पीआरके पद्धतीत वरची त्वचा खरवडून लेझर मारत, त्यामुळे काही दिवस डोळा चांगलाच दुखे. क्रीटमधल्या इओआनिस पालिकारिस यांनी १९९०च्या सुमारास कॉर्नियाचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, बिजागरीसारखा उचलून खाली लेझर मारला आणि फ्लॅप परत बसवला. हेच लॅसिक. बाराकेर यांचाच विचार, पण लेथ आणि टाक्यांशिवाय. पुढे फ्लॅप कापायला ब्लेडऐवजी फेम्टोसेकंद लेझर आला, आणि मग फ्लॅपशिवाय, छोट्या छेदातून केली जाणारी स्माइल पद्धत.

लॅसिक पसरलं तसा धोकाही कळला. १९९८ मध्ये जर्मनीच्या थिओ झायलर यांनी लॅसिकनंतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगल्याचे रुग्ण नोंदवले. तेव्हापासून फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर शिल्लक ठेवण्याचा दंडक रूढ झाला. आता हिशेब मांडा. कॉर्निया ४८० मायक्रॉन, फ्लॅप ११०, नंबर उणे १०. सहा मिलिमीटर रुंदीच्या भागात दर नंबरामागे साधारण १२ मायक्रॉन जातात, म्हणजे १२०. उरतात नेमके २५०. हातात काहीच राखीव राहत नाही, म्हणून डॉक्टर नको म्हणतात. जाडी पुरेशी असूनही टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या नकाशात, कॉर्नियाचा आकार वेडावाकडा दिसला, तरी उत्तर तेच.

अशा वेळी 'हो' म्हणणारा दुसरा डॉक्टर शोधत फिरू नका. डोळ्यात भिंग बसवण्याच्या आयसीएलबद्दल विचारा. त्यात कॉर्निया घासावा लागत नाही.