लोहाला बाहेरची वाट नाही

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. पण प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीर रोज गमावतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच आपल्यात नाही. वर्षाला २५ पिशव्या धरा, पाच ग्रॅमच्या वर लोह साठलं. धडधाकट प्रौढाच्या अख्ख्या शरीरात ते तीन-चार ग्रॅम असतं!

त्यात या आजारात आतडंही अन्नातलं लोह जास्त शोषतं. म्हणून पोर फिकट दिसतंय म्हणून कुणी लोहाचं टॉनिक सुचवलं, तर हात जोडून नको म्हणावं.

लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन भरून गेलं की मोकळं लोह यकृतात, ग्रंथींत, हृदयात शिरतं. मधुमेह जडतो, वयात येणं लांबतं. जिवावर बेतते ती बहुधा हृदयातली साठवण.

यावर पहिलं भरवशाचं औषध एका जिवाणूने दिलं. स्वतःसाठी लोह मिळवायला तो जो पदार्थ बनवतो, त्यापासून डेफेरॉक्झामिन तयार झालं. ते लोहाला धरून लघवी-शौचावाटे बाहेर नेतं. मात्र पोटाच्या कातडीखाली सुई, तिला जोडलेला पंप, रोज आठ ते बारा तास, आठवड्यातून किमान पाच रात्री. त्यात महागडं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं कंटाळून सुई काढून ठेवत, यात नवल ते काय?

म्हणून तोंडाने घ्यायच्या डेफेरिप्रोनचं मोल मोठं. संशोधन लंडनचं, पण ते बाजारात आधी आलं भारतात, १९९० च्या दशकाच्या मध्यात, मुंबईच्या सिप्लाकडून. युरोपात १९९९ साली आणि अमेरिकेत थेट २०११ साली परवानगी मिळाली. दिवसातून एकदाच घ्यायचं डेफेरासिरॉक्स २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात मूत्रपिंड आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

लोहसाठ्याचा अंदाज देणाऱ्या फेरिटिन या रक्तचाचणीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. तो बरा दिसत असतानाही हृदयात लोह साठलेलं असू शकतं. ते कळतं टी-टू-स्टार एमआरआयने. २० मिलिसेकंदांखाली आकडा गेला की हृदयात लोह आहे असं समजतात. हृदयातलं लोह काढायला डेफेरिप्रोन चांगलं, गरज पडल्यास डेफेरॉक्झामिनच्या जोडीने. पण क्वचित डेफेरिप्रोनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. ते घेणाऱ्या मुलाला ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि रक्त तपासून घ्यावं.