नीळ म्हटलं की चंपारणच का आठवतं? बंगालचा उठाव वेगळा होता

निळीच्या शेतकऱ्यांचा विषय निघाला की समोरचा लगेच "हां, चंपारण, गांधीजी" म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात 'नीलदर्पण' नाटक पण घुसवतो, झाली खिचडी. बंगालचा उठाव १८५९-६० चा आणि बिहारमधलं चंपारण १९१७ चं. पहिल्याच्या वेळी गांधीजींचा जन्मसुद्धा झालेला नव्हता, ते १८६९ चे. गोंधळ होतो त्याला कारण आहे म्हणा, पीक तेच (निळा रंग काढायचं झाड), गोरे मळेवाले तेच, त्यांच्या कोठ्या (म्हणजे निळीचे कारखाने), आणि शेवटी दोन्हीकडे सरकारनं चौकशी नेमली. पण शेतकऱ्याच्या गळ्यातला फास वेगळा होता, आणि माझ्या मते बाकीचे सगळे फरक तिथूनच निघतात.

बंगालमधे फास होता उचलीचा. तिकडे त्याला दादन म्हणायचे. आपल्याकडे मुकादम ऊसतोडीच्या कोयत्याला उचल देतो, सीझन संपला तरी ती फिटत नाही आणि पुढच्या वर्षी परत त्याच्याच टोळीत जावं लागतं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. बिघ्याला साधारण २ रुपये हातावर टेकवायचे, कागदावर अंगठा घ्यायचा आणि मग जिथं भात पिकला असता अशी चांगली जमीन निवडून तिथं नीळ पेरायला लावायची. भाव कोठीवाला ठरवणार, मोजणारा पण त्याचाच माणूस, त्यातनं उचल वळती झाली की हातात काही उरायचं नाही, उलट बाकीच निघायची, मग घे नवी उचल, आणि बाप गेला की ती बाकी पोराच्या डोक्यावर. नाही म्हणालं कोणी तर लाठियाल, म्हणजे पगारी लाठीवाले, पाठवायचे नाहीतर कोठीच्या गोदामात कोंडायचं.

१८५९ मधे नदिया जिल्ह्यात लोकांनी सरळ सांगितलं, नीळ पेरणार नाही. पुढे होते दिगंबर बिश्वास आणि बिष्णुचरण बिश्वास, आणि गंमत म्हणजे हे दोघं आधी कोठीच्याच नोकरीत होते, म्हणजे आतले सगळे धंदे त्यांना माहीत. मळेवाल्यानं लाठियाल धाडले तर गाव भाले-लाठ्या घेऊन उभं राहिलं, बायका घरातली भांडी घेऊन उतरल्या. मग ते जेसोर, पाबना असं पसरत गेलं, कोठ्यांवर हल्ले झाले, मळेवाल्यांच्या गुमास्त्यांना मार पडला, कोठीचं काम करणाऱ्याशी गावानं व्यवहार तोडले. काही ठिकाणी जमीनदार पण रयतेच्या बाजूनं होते, कारण मळेवाले त्यांच्याच डोक्यावर बसायला लागले होते (उपकार म्हणून नाही, हे लक्षात ठेवा). कलकत्त्यात 'हिंदू पेट्रियट'चा संपादक हरिश्चंद्र मुखर्जी हे सगळं छापत होता. दीनबंधू मित्र यांचं 'नीलदर्पण' १८६० चं आणि ते याच उठावाचं, चंपारणचं नाही. त्याचं इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्र्याला एक महिना कैद आणि १००० रुपये दंड झाला, दंड कालीप्रसन्न सिंह यांनी भरला.

सरकारनं आधी नेहमीसारखी दांडगाई केली. मार्च १८६० मधे करार मोडणाऱ्या रयतेला तुरुंगात टाकणारा कायदा आणला, काही महिन्यांपुरता, पण त्याच सुमारास चौकशीसाठी नीळ आयोग पण नेमला, अध्यक्ष सेटन-कार. लेफ्टनंट गव्हर्नर ग्रँट बोटीनं दौऱ्यावर गेला तेव्हा कुमार आणि कालीगंगा नद्यांच्या दोन्ही काठांवर मैलोनमैल शेतकरी उभे, मागणी एकच, नीळ नको. आयोगानं मळेवाल्यांना दोषी धरलं, आणि घेतलेले करार पुरे करा पण पुढे पेरायची नसेल तर जबरदस्ती नाही असं ठरलं. बंगालमधली नीळ तिथं कोसळली आणि धंद्याचं केंद्र बिहारकडे सरकलं. म्हणजे चंपारणची गोष्ट एका अर्थानं इथूनच सुरू होते.

चंपारणमधे फास मुख्यतः जमिनीचा. मळेवाल्यांनी बेतिया राज या तिथल्या मोठ्या जमीनदारीकडून गावंच्या गावं ठेक्यानं घेतलेली, त्यामुळे तोच मळेवाला आणि तोच जमीनमालकासारखा. पद्धतीचं नाव तीनकठिया, २० कठ्ठ्यांच्या बिघ्यात ३ कठ्ठे नीळ लावायचीच. आपल्या हिशोबात एकरी ६ गुंठे.

आता बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. १८९७ पासून जर्मनीचा कारखान्यातला रंग बाजारात आला आणि खऱ्या निळीचा भाव पडला, तेव्हा मळेवाल्यांनाच ती नकोशी झाली. पण त्यांनी शेतकऱ्याला फुकट सोडलं असतं तर ते मळेवाले कसले! जिथं ठेका कायमचा होता तिथं नीळ माफ करतो म्हणून सारा वाढवला (शरहबेशी), जिथं ठेका मुदतीचा होता तिथं एकरकमी पैसे उकळले (तावान). वर १९१४ ला युद्ध लागून जर्मन रंग यायचा थांबला आणि निळीला परत भाव आला, तर पुन्हा पेरा म्हणायला लागले. म्हणून १९१७ चं भांडण फक्त पेरणी थांबवायचं नव्हतं, वसूल केलेले पैसे परत मागायचं पण होतं.

पद्धत पण अगदी निराळी. राजकुमार शुक्ल १९१६ च्या लखनौ काँग्रेसमधे गांधीजींच्या मागे लागले, एप्रिल १९१७ मधे गांधीजी आले, जिल्हा सोडायचा हुकूम मोडला, १८ एप्रिलला मोतिहारीच्या कोर्टात तसं कबूल केलं आणि सरकारनं खटलाच मागे घेतला. कायदेभंग म्हणाल तर तेवढाच. बाकीचं काम जबान्या घ्यायचं, राजेंद्रप्रसाद, ब्रजकिशोरप्रसाद वगैरे वकील बसून हजारो शेतकऱ्यांच्या तक्रारी उलटतपासणी करून लिहून घेत होते. आणि आयोगाचा फरक बघा, बंगालमधे रयत आयोगासमोर साक्षीदार होती, इथं सरकारनं नेमलेल्या फ्रँक स्लायच्या चौकशी समितीत गांधीजी स्वतः सदस्य. तावानाचा फक्त २५ टक्के हिस्सा परत मिळाला (यावर आजही लोक नाकं मुरडतात, पण मळेवाल्याला खिशातून पैसा काढावा लागला हीच मोठी गोष्ट होती), वाढवलेला सारा कमी झाला आणि १९१८ च्या कायद्यानं तीनकठिया गेली.

आपल्याकडे चंपारणच जास्त लक्षात राहिलं त्याला आणखी एक कारण असावं. शाळा काढायला तिथं मराठी माणसं गेली होती, अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव बरहरवा लखनसेन या गावच्या शाळेत, आणि औषधपाण्याला भारत सेवक समाजाचे डॉ. हरी श्रीकृष्ण देव, तेही एरंडेल, क्विनाईन आणि गंधकाचं मलम एवढ्याच सामानावर. याच अवंतिकाबाईंनी १९१८ मधे गांधीजींचं मराठी चरित्र लिहिलं, आणि त्याला प्रस्तावना टिळकांची.